साडेचौदा इंच

सिद्धोधनची गाडी पालममध्ये शिरली तेव्हा बसस्टँडसमोरच्या लोकांना वाटलं, ती रस्त्यात कुठेतरी आपटून खाली बसली आहे. दोघं-तिघं मदतीला धावलेही. गाडी मुळातच तेवढी होती. दोन दारं, दोन सीटा, लांबलचक नाक, आणि जमिनीपासून अंतर इतकं, की खालून जायचं तर मांजरालाही विचार करावा लागेल. रंग निळा होता, म्हणून घराभोवतीच्या बुद्धनगरात तिला उघड नावं ठेवायला कुणाची जीभ वळली नाही.

सिद्धोधनने ती पुण्यात जुनी घेतलेली. आधीच्या मालकाला ती फार उंच वाटायची, म्हणून त्याने उंची कमी-जास्त करता येणारे आट्यांचे शॉकअप बसवून तिला आणखी खाली घेतलं होतं. शहरातल्या माणसाला काय काय वाटू शकतं, याला मर्यादा नाही.

या गाडीत केशरबाईंना, म्हणजे सिद्धोधनच्या आईला, बसता येत होतं. बसायचं अवघड नव्हतं; दारातून अंग सोडून दिलं की माणूस आपोआप बसतो. अडचण उठायची होती. केशरबाईंचं वय सदुसष्ट. राणीसावरगावच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स, आणि वाड्या-वस्त्यांवर पायी बाळंतपणं करून दोन्ही गुडघे कामातून गेलेले. नोव्हेंबरात त्या लेकाकडे पुण्याला गेल्या असताना एका लग्नाच्या हॉलसमोर या गाडीतून उतरायची वेळ आली. एक हात आधीच पोहोचलेल्या सुनेने धरला, दुसरा कुणा अनोळखी सूटवाल्याने, पाठीमागून तिसऱ्याने रेटा दिला. "सांभाळून, कोपरा लागेल," असंही कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवशी केशरबाई एसटीने पालमला परत आल्या आणि गुडघ्यांच्या ऑपरेशनचा विषय बंद झाला.

सून शुभदाने मात्र हट्टाने एका मोठ्या डॉक्टरची वेळ मिळवून ठेवली. मंगळवार, सकाळी नऊ. ती मिळायला चार महिने लागले होते. चुकली तर पुढचे चार महिने, असं तिथल्या बाईने फार गोड आवाजात सांगितलं होतं.

तेवढ्यात राणीसावरगावने आपल्या जुन्या नर्सबाईंचा सत्कार ठरवला. रविवारी सकाळी अकरा वाजता. सिद्धोधन फोनवर म्हणाला, "माय, मी गाडी घेऊन येतो. सत्काराला तुला नेतो आणि तिथून तसंच पुण्याला."

केशरबाईंनी आधी गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "राणीसावरगावात त्या गाडीतून मी माझ्या पायानं उतरले, कुणाचा हात न लागता, तर तशीच पुण्याला येते. हात लागला, तर तुझ्या बापासंगं एसटीनं वापस. मंग मरूस्तोर गुडघ्याचं नाव काढायचं न्हाई."

"अगं माय, पण..."

"सगळ्या गावाम्होरं मला कपाटासारखं काढून घ्यायचं न्हाई. बास."

सिताराम बाजूलाच बसले होते. एकोणतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी फोनकडे तोंड करून सांगितलं, "मी ऐकलं. नोंद झाली."

म्हणून सिद्धोधनने पुण्यातच गाडीला मोठी चाकं बसवली. दुकानदार म्हणाला, दोन इंच मोठी आहेत. चाक दोन इंच मोठं, म्हणजे गाडी दोन इंच वर, असा हिशेब सिद्धोधनने केला. तो इंजिनिअर होता, पण कॉम्प्युटरचा. चाक मोठं झालं की त्याचा अर्धाच भाग गाडीला वर उचलतो आणि अर्धा नुसता वरच्या बाजूला मडगार्डात घुसतो, हे त्याला चाकं बसल्यावर कळलं. त्यात मोठ्या चाकावरचं रबर बारीक होतं. सगळं वजा जाता गाडी पाव इंच वर आली. बदल्यात रुंद टायर प्रत्येक खड्ड्याला मडगार्डात आतून घासायला लागले. खर्रर, असा आवाज व्हायचा, नवं कापड फाडावं तसा. पुण्याहून पालमपर्यंत त्याने एकट्याने बरेच तागे फाडले.

शनिवारी दुपारी तो गंगाखेड रस्त्यावर धम्मानंदच्या गॅरेजात उभा होता. उभा म्हणजे, येरझाऱ्या घालत होता. धम्मानंद गाडीखाली आडवा होता आणि त्याचे फक्त पाय बोलत होते.

"दादा, हितं स्प्रिंगच्या खाली कडं हाय बगा. आट्यावर बसलेलं. हे वर फिरवलं की स्प्रिंग वर, स्प्रिंग वर की गाडी वर."

"मग फिरव ना!"

"फिरवतो की. किती?"

सिद्धोधनकडे उत्तर तयार होतं. त्याने मोबाइल काढून वाचून दाखवलं, की चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या काठापर्यंत तीनशे सत्तर मिलिमीटर ठेवावेत, पुढे-मागे पाच मिलिमीटर चालतील.

पाय जरा विचारात पडले. मग धम्मानंद सगळा बाहेर आला. ट्रॅक्टरांवर हात बसलेला तिशीचा गडी. तो बोटांनी मापायचा. बोट म्हणजे त्याचं स्वतःचं बोट, आणि ते ग्रीसने दर हंगामात थोडं जाड होत होतं.

"दादा, गाडीतून चाक उतरवायचंय का मावशीला?"

"मायला."

"मंग चाकाचं माप कामून सांगायलाव? मावशीचं माप घ्या."

सिद्धोधनने मोबाइल खिशात घातला. चाळीस हजार कॉम्प्युटरांची व्यवस्था लावणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं, त्यामुळे त्याला ते आवडलं नाही. पण पाचच मिनिटांत दोघे मोटरसायकलवर बुद्धनगरात होते, धम्मानंदच्या हातात फूटपट्टीची गुंडाळी.

"मावशी, हात न टेकवता कशावरून उठता येतंय तुमाला?"

केशरबाईंनी आयुष्यभर लोकांची वजनं-मापं घेतली होती. स्वतःचं माप देतानाही त्यांनी ते सरकारी कामासारखंच घेतलं. चष्मा लावला, पदर खोचला. लोखंडी पलंगावर बसल्या आणि उठल्या. धम्मानंदने मापून सांगितलं, अठरा इंच. प्लॅस्टिकची खुर्ची सोळा. उठल्या, पण तोंडातून "आय गं" निघालं. मग घरातली पत्र्याची पेटी ओढून आणली. त्यावर बसल्या. डोळे मिटले, पुढे वाकल्या, दोन्ही तळपाय मागे घेतले आणि कसल्याही आवाजाशिवाय उभ्या राहिल्या.

"किती?"

"साडेचवदा."

"मंग लिहून घे. याच्याखाली न्हाई." तरी त्यांनी खात्रीसाठी कपडे धुवायच्या पाटावर बसून बघितलं. तिथून त्यांना उठवायला सिताराम आणि धम्मानंद दोघे लागले. "हे लिहू नकू," त्या म्हणाल्या.

गाडीची सीट जमिनीपासून अकरा इंच भरली. म्हणजे साडेतीन इंच कमी. त्यातला अर्धा इंच सीटवर वाकळेची घडी टाकून निघेल, असं ठरलं. राहिलेले तीन कड्यांनी द्यायचे.

कडं फिरवायला आकड्यासारखा वेगळा पाना लागतो. तो पुण्यात मिळतो, असं सिद्धोधनने इंटरनेटवरून सांगितलं. धम्मानंदने वखराच्या जुन्या पासेचा, म्हणजे पात्याचा, तुकडा भट्टीत लाल केला, नळीवर वाकवला, आणि इंटरनेटकडे न बघता कामाला लागला. तीन कडी संध्याकाळपर्यंत वर गेली. चौथं, मागच्या डाव्या चाकाचं, गंजून बसलं होतं. ते हललं नाही. गाडी तशीच जॅकवर आणि लाकडी ठोकळ्यांवर राहिली, चारही चाकं उतरवलेली, आणि सिद्धोधन घरी येऊन जेवणाच्या ताटावर तिच्याचबद्दल बोलत राहिला.

"तू जेव," केशरबाई म्हणाल्या. "गाडीला भूक लागत न्हाई."

तो जेवला की नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं.

रविवारी सकाळी सात वाजता तो गॅरेजात हजर. रॉकेल पाजून ठेवलेलं कडं अजून अडलेलंच. सिद्धोधनने घड्याळ बघितलं, मोबाइलमधलं घड्याळ बघितलं, मग दोन्ही जुळतात का ते बघितलं. घट्ट असलेले नट आणखी घट्ट करू लागला, तेव्हा धम्मानंदने त्याच्या हातातून पाना काढून घेतला आणि चहा आणायला पाठवलं. चहा घेऊन तो पळतच आला. अर्धा सांडला होता.

"दादा, तुमी उगं बसा बरं जरा."

"बसलोय की."

"उभे हायत तुमी."

साडेआठला सिताराम धुतलेला पांढरा सदरा घालून गॅरेजात डोकावले. गाडीत दोनच सीटा असल्यामुळे ते एसटीने जाणार होते, आणि खरं म्हणजे चार सीटा असत्या तरी ते एसटीनेच गेले असते.

"पावणेनऊची धरतो मी," ते म्हणाले. "तुमी या मागून. फुरसतीनं."

हे 'फुरसतीनं' सिद्धोधनला फार लागलं. गाडीच्या कागदांवर ताशी दोनशे चाळीस किलोमीटर लिहिलेलं होतं.

नऊ वाजता कडं हललं. सव्वानऊला चारही चाकं चढली. साडेनऊला धम्मानंदने ठोकळे काढले, जॅक सोडला आणि गाडी हळूच जमिनीवर आली. तिच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं, की तिला दूरचं काहीतरी बघायचं आहे म्हणून ती टाचा उंचावून उभी आहे. टायर आणि मडगार्डाच्या मध्ये चार बोटं सहज जात होती. धम्मानंदने वाकळेची घडी टाकली, फूटपट्टी लावली.

"पावणेपंधरा! पाव इंच बक्षीस."

तेवढ्यात केशरबाई रिक्षाने आल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, हातात पर्स, पर्समध्ये पुण्याला लागतील एवढ्या गोळ्या आणि एसटीचे परतीचे सुट्टे पैसे, दोन्ही. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. दार उघडलं. बसल्या. तळपाय जमिनीवर टेकवले, पुढे वाकल्या आणि उभ्या राहिल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. तिसऱ्यांदा उठताना त्यांनी पर्स दोन्ही हातांत धरून ठेवली होती, हात कुठेच टेकले नाहीत हे दिसावं म्हणून.

धम्मानंदने टाळी वाजवली. समोरच्या पानटपरीवरूनही एक टाळी आली.

"दादा," धम्मानंद म्हणाला, "गाडी जरा गंगाखेड नाक्यापर्यंत फिरवून आणू का? चालवून बघितली न्हाई आपण."

"चालवत तर तिकडेच न्यायची आहे! दहा वाजत आले. बाबा पोहोचले असतील."

"ते बी खरं हाय म्हणा."

धम्मानंदच्या हाताखालून इतकी वर्षं ट्रॅक्टर गेले होते. ट्रॅक्टरला स्प्रिंग नसते. जॅकवरून उतरवला की तो जिथे टेकतो तिथेच राहतो, आणि मालक तो घेऊन जातो. त्याने गाडीच्या बॉनेटवर थाप मारली आणि जयभीम केला.

पालम ते राणीसावरगाव हा रस्ता तसा फार लांब नाही, पण त्यावर गावं आहेत, आणि प्रत्येक गावाचा स्वतःचा गतिरोधक आहे. काही सरकारने केलेले. काही गावकऱ्यांनी कुणाच्या तरी बांधकामातलं उरलेलं काँक्रीट आणून हौसेने केलेले. हे दुसऱ्या प्रकारचे जास्त उंच असतात, कारण त्यात भावना असते.

पहिल्या गतिरोधकावरून गाडी पोट न लागता पार झाली. खर्रर आवाजही नाही. सिद्धोधन पुणे सोडल्यापासून पहिल्यांदा हसला. "बघितलंस माय?"

"बघायले. तू म्होरं बघ."

दुसरा गतिरोधक, तिसरा. पुढे नांगरलेली काळी रानं, मध्येच कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग. सिद्धोधन वेग वाढवायचा, गतिरोधक यायचा, वेग कमी करायचा. मागून एसटी यायची आणि हॉर्न वाजवून पुढे जायची. असं दोन एसट्यांनी केलं. त्याचा पाय सारखा खालीवर होत होता. मध्येच त्याने शुभदाला फोन लावून मंगळवारची वेळ नऊचीच आहे ना, हे विचारलं. ती म्हणाली, काल तू हे तीनदा विचारलंस.

पाचव्या गतिरोधकानंतर केशरबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "सिद्धू, पालमातून निघताना रस्त्यावरच्या मानसांची छाती माझ्या डोळ्याम्होरं येत व्हती."

"बरं मग?"

"आता कंबर यायलीय."

सिद्धोधनने वेग कमी केला. सहाव्या गतिरोधकावर खालून खर्रर झालं. अगदी बारीक, कुणी रुमाल फाडावा एवढंच. त्याने रेडिओ लावला.

राणीसावरगावात दवाखान्यासमोर मंडप टाकला होता. हलगी वाजत होती. गाडी दिसली तशी पोरंबाळं पळत आली. मंडपात पहिल्या रांगेत सिताराम बसलेले होते, हातात चहाचा कप, आणि तो दुसरा असावा, कारण पहिला रिकामा खुर्चीखाली ठेवलेला होता.

गावाचा सरपंच परमेश्वर, पस्तीस वर्षांचा, हार घेऊन पुढे आला. माइकवरचा माणूस म्हणाला, "आपल्या लाडक्या नर्सबाईंचं गावात आगमन झालेलं आहे. नर्सबाई आता गाडीतून उतरायल्यात."

सिद्धोधनने पळत जाऊन दार उघडलं आणि दोन पावलं मागे झाला. केशरबाईंनी तळपाय बाहेर टाकले, मागे घेतले. पर्स दोन्ही हातांत धरली. पुढे वाकल्या.

उठल्या नाहीत.

"नर्सबाई उतरायल्यात," माइक म्हणाला.

त्यांनी श्वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा वाकल्या. सीटपासून चार बोटं वर आल्या आणि परत टेकल्या. कपाळावर घाम दिसायला लागला. हलगीवाला आधी जोरात वाजवत होता, तो आता काय करावं ते न कळून हळू वाजवू लागला.

"उतरायल्यात," माइक जरा काळजीने म्हणाला.

सिद्धोधनने धम्मानंदकडून आणलेली फूटपट्टी खिशातून काढली, गुडघ्यावर बसला आणि सीटची उंची मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेराला थोडी कमीच. सत्काराला आलेल्या बायका हे बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "माप कशाचं घ्यायलाय गं त्यो?" दुसरी म्हणाली, "पुन्याला असंच असंल."

तो बाजूला गेला आणि धम्मानंदला फोन लावला. "अरे पावणेदोन इंच खाली आलीय! कडी सुटली का?"

पलीकडून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग धम्मानंद म्हणाला, "कडी न्हाईत सुटत, दादा. मी डबल आवळलीत. माझंच चुकलं. जॅकवर चाकं लोंबकळून आत वळत्यात. खाली टेकली की टायर जाग्यावर अडकतो, म्हणून गाडी उगं वर दिसती. जरा चालली, दोन आदळे बसले, की बसती मंग जाग्याला. माप तवा घ्यायचं असतंय. ट्रॅक्टरचं असं नसतंय बगा."

"आता काय करू?"

"जॅक लावून वर घ्या."

गाडीत जॅक नव्हता. कंपनीने त्या जागी पंक्चरवर मारायची फेसाची बाटली दिली होती. सिद्धोधनने ती बाटली काढली, बघितली आणि परत ठेवली.

परमेश्वर हार घेऊन ताटकळला होता. तो पुढे झाला. "नर्सबाई, द्या हात."

"लावू नकू!"

तो दचकून मागे सरला. आणखी दोघे-तिघे हात पुढे करून आले, त्यांनाही तेच ऐकावं लागलं. ऊन वर आलं होतं. गाडीच्या काचेवरून ते केशरबाईंच्या तोंडावर पडत होतं. त्यांनी मंडपाकडे बघितलं. समोर सगळं गाव उभं होतं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, काठ्या टेकून आलेली म्हातारी माणसं. सगळी त्यांच्यासाठी उन्हात खोळंबलेली. आणि बाजूला त्यांचा मुलगा, हातात फूटपट्टी घेऊन, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

त्यांनी पर्स मांडीवर ठेवली आणि हात पुढे केला. "जाऊ दे बाबा," त्या हळू म्हणाल्या. "लोक खोळंबलेत. धर."

सिद्धोधन त्या हाताकडे बघत राहिला. धरला असता तर सगळं दोन सेकंदांत मिटलं असतं. आई उभी राहिली असती, हार पडला असता, फोटो झाले असते आणि संध्याकाळच्या एसटीने ती पालमला गेली असती. मंगळवारचे नऊ वाजले असते आणि कुणी त्याबद्दल पुन्हा बोललं नसतं. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

मंडपात कुजबुज झाली. पोटच्या पोराने आईला हात दिला नाही, हे सगळ्या गावाने उघड्या डोळ्यांनी बघितलं.

"ओ इंजिनेर!" गर्दीतून बिरू पुढे आला. मेंढरं राखणारा, साठीचा, डोक्याला भला मोठा पटका. त्याच्या बायकोची, बानूबाईची, चारही बाळंतपणं केशरबाईंनी माळावरच्या पालात केलेली. "मायला हात द्यायचा सोडून हात कामून लपवायलाव? लाज हाय का न्हाई?"

"तसं नाही हो..." आणि सिद्धोधनने सगळं सांगून टाकलं. अट, मंगळवार, गुडघे, चाकं, साडेचौदा, तेरा. तो इतक्या भराभर बोलला की निम्मं कुणाला कळलं नाही. माइकवाल्याने माइक त्याच्या तोंडाशी धरला होता, त्यामुळे ते न कळलेलं निम्मं सगळ्या गावाने ऐकलं.

बिरूने थोडा विचार केला. "म्हंजी नर्सबाईला हात लावायचा न्हाई."

"नाही."

"गाडीला?"

"काय गाडीला?"

"गाडीला हात लावलेला चालतंय का?"

सिद्धोधनने वळून सितारामांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. सिताराम कप खाली ठेवून उठले. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही नियम मोडला नव्हता आणि एकही नियम संपूर्ण वाचायचा सोडला नव्हता.

"गाडीचा विषय झालेला न्हाई," ते म्हणाले.

बिरूने पटका सारखा केला. "या रे!"

चौघे एका बाजूने आले, चौघे दुसऱ्या. परमेश्वरने हार ठेवायला जागा मिळेना म्हणून स्वतःच्याच गळ्यात घातला. सिद्धोधन मागच्या चाकाशी जाऊन वाकला. नऊ माणसांनी मडगार्डांच्या काठांखाली बोटं घातली. पहिल्यांदा प्रत्येकाने आपापल्या वेळेला जोर लावला. गाडी नुसती कण्हली.

आणि तेव्हा केशरबाईंच्या तोंडून सवयीने आवाज निघाला.

"असं न्हाई! दम धरा. माझ्यासंगं करायचं. श्वास घ्या... रोखा... आता जोर लावा. जोर, जोर, आनखी, सोडू नका, सोडू नका!"

गाडी उचलणाऱ्यांपैकी पाच जणांनी हा आवाज आयुष्यात सगळ्यात आधी ऐकला होता. त्यांच्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. स्प्रिंगा चारही बाजूंनी ताणल्या आणि गाडी वर आली, एक इंच, दोन इंच, तीन. मंडपातल्या बायकांच्या रांगेतून एक जुनं "जोर!" आलं, ते बानूबाईचं होतं.

केशरबाईंनी तळपाय मागे घेतले, पुढे वाकल्या आणि उभ्या राहिल्या. गाडीपासून दोन पावलं बाजूला आल्या. मग वळून म्हणाल्या, "झालं. आता सावकाश सोडा. दम खा थोडा."

"नर्सबाई उतरल्या!" माइक ओरडला, आणि हलगीवाला मोकळा झाला.

परमेश्वरला गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घालावा लागला. तो त्याच्या घामाने ओला झाला होता. भाषणं बरीच झाली. परमेश्वर म्हणाला, की गावाच्या जडणघडणीत नर्सबाईंचा मोठा हात आहे. सत्कारमूर्ती मात्र भाषणभर दूर उभ्या गाडीकडे बघत होती. सिद्धोधन गाडीपाशी जाऊन मडगार्डावरचे बोटांचे ठसे मोजत होता. तिथून परत आला. पुन्हा गेला. त्याला बसायला खुर्ची दिली होती, ती रिकामीच राहिली.

जेवणं झाल्यावर केशरबाईंनी नवऱ्याला बाजूला बोलावलं. "खरं सांगा. लागला का हात?"

सितारामांनी दात कोरत विचार केला. "तुला न्हाई लागला."

"पन उचललं तर त्यांनीच की मला. गाडीसगट."

"सीटवर बसलेल्या पॅसेंजरला गाडी नेत असती. त्याला ड्रायव्हरनं उचललं असं म्हनत न्हाईत."

केशरबाईंनी पर्समधले सुट्टे पैसे काढून त्यांच्या हातावर ठेवले. "मंग हे तुमीच घ्या. दूधवाल्याला सांगा, पाव लिटरच टाक म्हनावं. अन कुकराची रिंग बदला, लय दिवस झाले." एवढं बोलून त्या गाडीकडे निघाल्या. बसायला त्यांना कुणाची गरज लागली नाही.

गाव मागे पडलं. सिद्धोधन उगाच गिअर बदलत राहिला. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर केशरबाई म्हणाल्या, "हितं आठ मानसं लागली. अन तू धरून नऊ."

"हो."

"घरी सुनंचा हात चालंल. पन दवाखान्याम्होरं मंगळवारी कोन हाय?"

"आहेत की. पुण्यात काय माणसांना तोटा आहे?"

"कोन? नाव सांग."

सिद्धोधनने मनात मोजायला सुरुवात केली. एक तो स्वतः. दुसरी शुभदा. तिसरा, समोरच्या फ्लॅटमधला, ज्याच्याशी त्याची लिफ्टमध्ये रोज मान हलायची. त्याचं नाव काय? सात वर्षांत विचारायचं राहून गेलं होतं. चौथ्यासाठी तो बराच वेळ शोधत राहिला. पुढचा गतिरोधक त्याला दिसलाच नाही, आणि गाडी खर्रर करून त्यावरून गेली.

त्याने गाडी बाजूला घेतली, फोन लावला.

"शुभदा, आपल्या मजल्यावर कोण कोण राहतं गं?"

"का? काय झालं? आई आल्या का?"

"आली, शेजारीच आहे. तू एक काम कर. आज संध्याकाळी सगळ्यांच्या दारावर जा. काहीतरी गोड घेऊन जा. नावं विचारून घे."

"नावं? कशाला?"

"आणि मंगळवारी सकाळी साडेआठला कोण कोण मोकळं आहे, तेही विचार. सात तरी हवेत."

केशरबाई शेजारून म्हणाल्या, "पाठीचा त्रास असलेला नकू म्हनाव."